अडतिसावी चकती

९ फेब्रुवारी

आज वळणावरच्या गाळाची नळी घेतली. समुद्राला मिळण्याआधी नदी जे शेवटचं मोठं वळण घेते, तिथल्या गाळपट्टीवर सहा वर्षांपूर्वी शिंपल्या काढायला बंदी घातली होती. वरच्या अंगाला जो कारखाना होता त्याचा पारा गाळात उतरला होता, म्हणून. कारखाना बंद पडूनही आता अकरा वर्षं झाली. बंदी उठवायची की ठेवायची, हे आमच्या प्रयोगशाळेने सांगायचं आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, "एकच नळी घ्या, पण नीट घ्या."

आमचा नावाडी दिवसाला दहा-बारा शब्द बोलतो, म्हणून सगळे त्याला 'वक्ते' म्हणतात. दोघांनी मिळून नळी गाळात उतरवली आणि ओढून काढली. चाळीस सेंटीमीटर, मध्ये कुठे खंड नाही. वरच्या टोकाला लाल टोपण आणि खालच्या टोकाला काळं, ही आमची पद्धत. पण लाल टोपणं संपली होती. दोन्हीकडे काळीच लावली आणि ओल्या नळीवर मार्करने बाण काढला.

नळी वर आली की मी नदीला हात जोडतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. न विचारता तिच्या पोटातलं काढून नेतो, तेव्हा एवढं तरी करावं असं वाटतं. हात जोडायला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून नळी क्षणभर होडीच्या तळाला आडवी ठेवली. तेवढ्यात अक्काने काठावरून हाक मारली, मी तिकडे पाहिलं, लांबून गेलेल्या बोटीची लाट आली आणि नळी गडगडत वक्त्यांच्या पायाशी गेली. त्यांनी ती उचलून उभी धरली. "धरा," म्हणाले. मी म्हटलं, "वक्ते, शब्द जपून वापरा, अजून दिवस जायचाय."

एक गोष्ट जाणवली. ओहोटी लागून गाळ उघडा पडला की तो बोलतो. किड्यांच्या बारीक बिळांतून हवा सुटत असते, त्याची सगळीकडून चुटचुट चालते. लहानपणापासून मी ती ऐकत आलोय. आज वळणावर ती नव्हती. वक्त्यांना विचारलं तर म्हणाले, "नाही येत." कधीपासून, असं विचारल्यावर दोन बोटं दाखवली. मी म्हटलं, दोन दिवस? त्यांनी मान हलवली. "वर्षं."

१२ फेब्रुवारी

नळी कापली. खालून दट्ट्या लावून गाळ वर ढकलायचा, सेंटीमीटरभर वर आला की प्लास्टिकच्या पात्याने चकती कापायची, नंबर घालून पिशवीत भरायची. एक नंबर सगळ्यात वरचा, म्हणजे आत्ताचा गाळ. चाळीस नंबर सगळ्यात खालचा. बाण पुसून नुसता काळा डाग राहिला होता, पण कपाटात नळी उभीच होती, तशीच घेतली.

आज गाळ उफराटा वागला. पहिल्या चकत्या साबणाच्या वडीसारख्या घट्ट निघाल्या आणि शेवटच्या अगदी पातळ. ३९ आणि ४० तर चमच्याने गोळा कराव्या लागल्या. होडीत गडगडली होती, त्याने झालं असेल. मॅडम बैठकीला गेल्या होत्या. त्यांच्या मागे लागून विचारण्याइतकं ते मोठं वाटलं नाही.

वळणावर वर्षाला दोन सेंटीमीटर गाळ बसतो, असं मॅडम सांगतात. म्हणजे एक चकती अर्ध्या वर्षाची. आमचं लग्न झालं ते वर्ष अडतिसाव्या चकतीत असणार. ती कापताना हात जरा हळू चालवला. घरी हिला सांगितलं, तर म्हणाली, "चिखलात काय, कुठेही सापडेल ते. तुम्ही आधी पाय धुऊन या."

२८ मार्च

निकाल आला. वरच्या चकत्यांत पारा जवळजवळ नाही. विसाच्या पुढे वाढत जातो आणि शेवटच्या दोन-तीन चकत्यांत सगळ्यात जास्त. मॅडमनी मला मुद्दाम बोलावून आलेख दाखवला. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, पण शिकवतात मोठ्या बहिणीसारखं. "हे बघा काका, विष खाली गाडलं गेलंय. त्याच्यावर दरवर्षी स्वच्छ गाळाचं पांघरूण बसतंय. अगदी पुस्तकातल्यासारखा आलेख आहे. नदी बरी होतेय."

मी विचारलं, "मग तो आवाज?"

"कसला आवाज?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "किडे परत यायला वेळ लागतो," म्हणाल्या.

देवाने केलं ते चांगलंच केलं. आपण घाण करायची आणि त्याने गप्पपणे वर माती लोटत राहायचं. घरी येताना मन भरून आलं होतं.

३ मे

बंदी उठली. जुना फलक काढून नवा लावायला मीच गेलो. खाली आमच्या प्रयोगशाळेचं नाव आहे. अक्का तिथे आधीच उभी होती, पदर खोचून, हातात बादली.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि ती एकोणीस. तिने लग्न केलं नाही. कारण कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण मला ते माहीत आहे. माझी शाळा, माझे कपडे, माझी पुस्तकं तिने याच गाळातून उकरून काढली. गेली सहा वर्षं ती दुसऱ्यांची जाळी विणून देत होती आणि त्या कामाला शिव्या देत होती. आता बासष्ट वर्षांची आहे. काठावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते.

बायका जमल्या होत्या, पण गाळात कुणी उतरेना. एक म्हणाली, "सरकारी फलक काय, आज एक म्हणतो, उद्या दुसरं."

अक्का म्हणाली, "फलक जाऊ दे खड्ड्यात. गाळ कुणी तपासला माहितीये? माझ्या धाकट्याने. स्वतःच्या हाताने कापून. तो चूक करायचा नाही. चड्डीची नाडी बांधायला सुद्धा अर्धा तास लावायचा."

सगळ्या हसल्या. मग ती उतरली आणि तिच्या मागून एकेक करत बारा जणी उतरल्या. मी फलकाचे खिळे ठोकत होतो. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

११ जून

अक्काकडे जेवलो. रोजच्यासारख्याच उकडलेल्या शिंपल्या. ती दोन्ही वेळेला तेच खाते. "सहा वर्षांचा उपास सोडतेय," म्हणते. मला शिंपल्या पोटाला मानवत नाहीत, लहानपणी मानवायच्या, आता नाही. हिला तर वासही चालत नाही. म्हणून मी भाकरी आणि मीठ घेऊन बसलो. अक्का म्हणाली, "वा. साहेब झालास."

जेवण झाल्यावर वळणापर्यंत चालत गेलो. ओहोटी होती. दुपारची वेळ, सगळीकडे स्वच्छ ऊन, आणि इतकी शांतता की स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यावा. पलीकडच्या काठावर पक्ष्यांची रांग बसली होती. या बाजूला एकही नाही. खेकडे मात्र बाहेर आले होते, भर उन्हात. माझी चाहूल लागूनही ते पळाले नाहीत. एकाला काठीने हलवलं तर तो गोल फिरला आणि पुन्हा होता तिथेच थांबला. डोळे वर करून माझ्याकडे पाहत होता, किंवा पाहत नव्हता. मला तिथे थांबवेना.

२७ जुलै

अक्काने चोळीचं बटण लावून द्यायला हिला बोलावलं. बोटांवर मोजे घातल्यासारखं वाटतं, म्हणते. शिंपली हाताला लागते पण कळत नाही. ही म्हणाली, "दिवसभर थंड चिखलात हात घालून बसल्यावर काय होणार?" मलाही तसंच वाटतं. तेल दिलं चोळायला.

२२ ऑगस्ट

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. मला कायम करायचा प्रस्ताव वर गेला आहे. बावीस वर्षं हंगामी म्हणून काम केलं. वळणाच्या अहवालाचं वरती कौतुक झालंय, त्याच कागदांबरोबर माझंही नाव गेलं. आदेश सप्टेंबरअखेर यावा. देवाला एवढंच म्हटलं, की मी मागितलं नव्हतं, तू देतोयस.

हिला घेऊन अक्काला सांगायला गेलो. ती ऐकून रडली, मग मला मारायला धावली, सकाळीच का नाही सांगितलंस म्हणून. धावताना दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. खांद्यावर आधीचेही डाग दिसले, एक पिवळा पडलेला, एक निळा. म्हणाली, "घर आखडलंय रे. दारं अरुंद झालीत." तिचे शब्द थोडे जड येत होते. मी विचारलं, तोंडात काय आहे? काहीच नव्हतं.

ही वाटेत म्हणाली, "वन्सं कशा चालतात पाहिलंत? होडीत उभं राहिल्यासारख्या, पाय फाकवून." मी म्हटलं, आयुष्य चिखलात गेलं, सपाट जमीन तिला कशी मानवणार. वयही झालं. चष्मा लावत नाही. पुढच्या महिन्यात घेऊन जाईन.

१४ सप्टेंबर

चकत्या चाळताना चाळणीवर जे राहतं ते खडे-शिंपले आम्ही नंबर घातलेल्या पुड्यांत बांधून ठेवतो. सवडीने धुऊन वजन करायचं असतं. आज वळणाच्या पुड्या काढल्या.

अडतिसाव्या पुडीत एक चंदेरी तुकडा निघाला, अर्ध्या नखाएवढा. धुतला, भिंगाखाली धरला. गोळ्यांच्या पाकिटाची पट्टी असते तिचा तुकडा. त्यावर ठसा उमटवलेला होता आणि तो नीट वाचता येत होता. गोळ्या कधीपर्यंत घ्याव्यात ती मुदत. महिना आणि वर्ष.

पुढच्या वर्षीचा मे.

पुन्हा धुतला, पुन्हा पाहिला. एकोणीस वर्षांपूर्वीचा गाळ. त्यात अजून न उजाडलेली तारीख.

दार लावून बसलो. तुकडा पुडीत घालून पुडी खिशात ठेवली. हे नियमाविरुद्ध आहे.

१६ सप्टेंबर

कुणाला सांगितलेलं नाही. मी काही अंधश्रद्ध माणूस नाही. गावच्या शाळेत शिकलो, पण मास्तर चांगले होते. तरी सारखं वाटतंय की ही तारीख कुणासाठी तरी आहे. ज्या वर्षी माझं लग्न झालं त्या वर्षीच्या चिखलात कुणीतरी ती ठेवली आणि वरून वीस वर्षं माती लोटली, ती मी आत्ता उकरावी म्हणून. पुढच्या मे महिन्यात काय आहे? मी जातो की काय? की ही? ज्याला मागचंपुढचं सगळं एकदमच दिसतं, त्याला आधी काय आणि नंतर काय याचा फरक कशाला पडेल?

प्रार्थनेला बसलो तर शब्द आठवेनात.

१९ सप्टेंबर

राहवलं नाही. चहाच्या वेळी मॅडमना विचारलं, पण आडून. म्हटलं, "मॅडम, समजा जुन्या गाळात नवी वस्तू सापडली तर?"

"किती जुन्या?"

"पुष्कळ."

"बिळं असतात ना. किडे वरचं खाली नेतात. पण दोन-चार सेंटीमीटर, जास्त नाही."

"आणि अडतिसावर असेल तर?"

त्या हसल्या. चहात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "मग काका, नळी उलटी धरली असेल कुणीतरी."

आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या. मीही हसलो. कप टेबलावर ठेवला. जागेवर जाऊन बसलो आणि ही वही काढून फेब्रुवारीची पानं वाचली.

मी स्वतःच लिहून ठेवलंय सगळं. दोन काळी टोपणं. गडगडलेली नळी. साबणासारखी घट्ट पहिली चकती आणि चमच्याने गोळा केलेली चाळिसावी. तळाचा गाळ घट्ट असतो आणि वरचा पातळ, हे कुठलंही पोर सांगेल. अडतिसावी चकती वरून तिसरी होती. गेल्या दीड वर्षातला गाळ. त्यातली गोळ्यांची पट्टी अजून वापरात असेल अशीच असणार. चमत्कार वगैरे काही नाही.

म्हणजे विष खाली गाडलेलं नाही. सगळ्यात वर आहे. आणि वाढतंय.

२० सप्टेंबर

अक्काकडे गेलो. म्हटलं, थोडे दिवस शिंपल्या खाऊ नकोस.

"का?"

"तुझ्या बोटांना थंडी बाधते."

"मग खाऊ नको कशाला, काढू नको म्हण." हसली. "धाकट्या, तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून कान लाल होतात तुझे. काय झालंय?"

मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्या कानाकडे पाहिलं आणि समोरची बशी स्वतःकडे ओढली.

२२ सप्टेंबर

आधी खात्री करायला हवी. घाईने बोललो आणि खोटं ठरलं तर मॅडमच्या तोंडाला काळं लागेल. बाकीच्या पुड्याही तपासून पाहतो.

२५ सप्टेंबर

बाकीच्या पुड्यांत तारखेचं काही सापडलं नाही. एका तुकड्यावरून कसं सांगणार. मॅडमना ताप आहे, दोन दिवस आल्या नाहीत. आजारी माणसाच्या दारात अशी गोष्ट घेऊन जाणं बरं नाही.

२७ सप्टेंबर

मॅडम आल्या. साहेब दौऱ्यावर. दोघं एकत्र असताना सांगावं, म्हणजे एकदाच सांगावं लागेल.

अक्काच्या बोटांचं वयाचंच असेल. आमच्या मावशीलाही तसं होतं.

२९ सप्टेंबर

आदेश आला. साहेबांनी सगळ्यांसमोर हातात दिला, टाळ्या झाल्या. हिने कपाटातल्या वरच्या कप्प्यात ठेवला.

३० सप्टेंबर

आज देवाने धीर दिला. सकाळीच मॅडमच्या खोलीत गेलो, पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "वळणाची नळी उलटी होती. मी उलटी कापली."

त्यांनी भिंग लावून तुकडा पाहिला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग संगणकावर तो आलेख काढला, आणि कागदावर हाताने तोच पुन्हा काढला, उलटा. पेन्सिल खाली ठेवली.

"कधी कळलं?"

"आत्ता. म्हणजे थोडे दिवस झाले."

"किती?"

मी रिकाम्या पुडीची घडी करत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणाल्या, "मी पण पाहायला हवं होतं. हवा होता तसाच आलेख आला, म्हणून पाहिलं नाही." त्यांचा आवाज शांत होता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ ऑक्टोबर

अक्काला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बारा जणी माझ्या शब्दावर उतरल्या."

मी म्हटलं, "तुझा काय दोष? नळी मी धरली होती."

"तुझ्या नळीला कोण ओळखतं तिथे?"

ती उठली, बादलीतल्या शिंपल्या उकिरड्यावर ओतल्या आणि मला काही न सांगता एकेकीच्या दारात जायला निघाली. मी सोबत येतो म्हटलं तर हाताने नको म्हणून खुणावलं. भिंतीला हात लावत लावत गेली. रागात माणूस असा चालत नाही, असं मनात येऊन गेलं.

४ ऑक्टोबर

नव्या पाच नळ्या घेतल्या. मॅडम स्वतः होडीत होत्या, हातात लाल टोपणांची पिशवी. नळ्या चौकटीत उभ्या बांधल्या. मी हात जोडले नाहीत.

पहिल्या नळीचं वरचं टोक टोपण लावण्याआधी उघडं दिसत होतं. काळा, तुपासारखा पातळ गाळ, त्यावर तवंगाची चमक. त्यात एक बीळ नाही, एक किडा नाही. मॅडमनी वक्त्यांना विचारलं, इथले किडे कधी गेले? त्यांनी दोन बोटं दाखवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "यांना सांगितलं होतं." वक्त्यांनी एका दमात इतके शब्द बोललेले मी पहिल्यांदा ऐकले.

१३ ऑक्टोबर

पाचही नळ्यांत तेच. सगळ्यात वर सगळ्यात जास्त. कारखाना चालू होता तोवर त्याच्या सांडपाण्याच्या तलावाची डागडुजी व्हायची; बंद पडल्यावर तलाव तसाच राहिला, त्याची भिंत झिरपू लागली आणि दोन वर्षांपूर्वी तिला भेगच गेली. कुणी पाहायला गेलं नव्हतं, कारण कारखाना बंद होता. साहेबांनी माझा आदेश चौकशी होईपर्यंत रोखला. ते बरोबरच आहे.

१५ ऑक्टोबर

बंदी पुन्हा लागली. मी लावलेला फलक मीच उपटला. बायकांपैकी कुणी आलं नव्हतं. अक्काचं दार बंद होतं.

१८ ऑक्टोबर

आज फार लागलं मनाला.

अक्का नळावर पाण्याला उभी होती. मी तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो, इतका जवळ की तिचा पदर माझ्या बाहीला लागत होता. हाक मारायला धीर होईना. वाटलं, बघेल आणि काय ते बोलेल. तिने पाहिलं नाही. हंडा भरला, उचलला, माझ्या अंगावरून गेली. तोंडावरची रेघ हलली नाही. एखादा खांब उभा असावा तसा मी उभा. तेरा पावलं मी मोजली, ती वळली नाही.

मारलं असतं तर चाललं असतं. जिने मला वाढवलं तिने मला असं पुसून टाकलं. तिचा हक्कच आहे. चार दिवस जाऊ देतो, राग उतरेल.

२१ ऑक्टोबर

मॅडमनी डॉक्टरांकडून मजकूर आणला. शिंपल्या खाणाऱ्या घरांत वाटायचा आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून पहिली प्रत मी हाताने काढायला घेतली. यातलं काही दिसल्यास ताबडतोब दवाखान्यात यावे. बोटांना व ओठांना बधिरपणा. हे लिहिलं. चालताना तोल जाणे. हे लिहिलं. बोलणे जड होणे. इथे हात थांबला, तरी लिहिलं. पुढची ओळ अशी होती: बाजूचे दिसेनासे होऊन फक्त समोरचे दिसणे.

ती ओळ मी लिहिली नाही. पेन तसाच उघडा ठेवून उठलो.

जाण्याआधी एक केलं. ही वही उघडून सप्टेंबर वाचला. १९ला मला कळलं आणि ३०ला मी बोललो. मधल्या दिवसांची कारणं सगळी माझ्याच अक्षरात आहेत, चांगल्या वळणदार. पुड्या, ताप, दौरा. आणि २९ला आदेश. तेव्हा मी लिहिलं होतं की देवाने धीर दिला. देवाचा यात काही संबंध नव्हता. अकरा दिवस, दोन्ही वेळा, अक्काच्या ताटात त्याच शिंपल्या.

अक्का पायरीवर बसून जाळं सोडवत होती. मी आवाज न करता गेलो आणि तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर बसलो. ती गाठ शोधत राहिली. बोटं गाठीवरून जायची आणि परत यायची. मी तिच्या कानाजवळ हात हलवला. काही नाही. मग उठलो, वळसा घालून तिच्या बरोबर समोर गेलो आणि उकिडवा बसलो, तोंडासमोर तोंड येईल असा.

तिचा चेहरा एकदम उजळला.

"आलास होय," ती म्हणाली. शब्द ओले, जड होते. "किती दिवस रे. मला वाटलं, मी तशी उठून गेले म्हणून तू रागावलास माझ्यावर."

मी म्हटलं, "आत्ताच आलो."

तिने माझ्या कानांकडे पाहिलं. दवाखान्यात जायचंय म्हटल्यावर कुरकुर न करता उठली. तिने कशाचीच कुरकुर न करणं मी आज पहिल्यांदाच पाहिलं. हात धरून निघालो. वाट अरुंद आहे, समोर राहायचं तर मला उलटं चालावं लागलं असतं, म्हणून बाजूने चाललो. तिचा हात माझ्या हातात घट्ट होता, पण बोटांना ते कळत नसावं. दर चार पावलांना ती थांबायची, पूर्ण वळून मला समोर घ्यायची आणि विचारायची,

"आहेस ना?"

आहे म्हटलं की पुन्हा चालू लागायची.